जीटीए सहाची वाट बघताना विंडोज ११ चं करायचं काय?

गल्लीगेमर (धागाकर्ता)

ट्रेलर दोन आले, तारखा मात्र तीन झाल्या. आधी नुसतंच '२०२५', मग २६ मे २०२६ आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा पुढे ढकलून १९ नोव्हेंबर २०२६.

जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो बनवणाऱ्या रॉकस्टारने स्वतः जेवढं दाखवलंय तेवढ्यावरच बोलू, लीक झालेल्या चित्रफिती बाजूला ठेवू. खेळ घडतो लिओनिडा राज्यात, म्हणजे फ्लोरिडातच. व्हाइस सिटी म्हणजे मायामी. लिओनिडा कीज ही बेटांची माळ आहे आणि ग्रासरिव्हर्स ही मगरींची दलदल. पोर्ट गेलहॉर्न हे एके काळी पर्यटकांनी गजबजलेलं, आता रया गेलेलं किनाऱ्यावरचं गाव. अँब्रोसियात साखर कारखाना आणि बाइकवाल्यांची टोळी (कारखाना ज्याचा, गाव त्याचं, हे आपल्याला वेगळं समजावायला नको), तर माउंट कलागा हा डोंगर-जंगलाचा भाग. जेसन डुव्हल हा लष्करातून बाहेर पडून कीजमध्ये अमली पदार्थांची ने-आण करणाऱ्यांकडे कामाला लागलेला गडी. लुसिया कॅमिनोस तुरुंगातून नुकतीच सुटलेली. दोघांचीही पात्रं आपल्याला खेळता येणार.

मला सगळ्यात जास्त भावली ती गर्दी. पहिल्या ट्रेलरमधला समुद्रकिनारा थांबवून थांबवून बघा. प्रत्येक जण काहीतरी वेगळं करतोय. कोणी तेल चोळतंय, कोणी कुत्रा फिरवतंय, कोणी मोबाइलवर चित्रण करतंय. पाचव्या भागात पादचारी म्हणजे दोन-चार ठरावीक हालचाली करणारे पुतळे होते. अर्थात ट्रेलरमधली गर्दी आणि आपण खेळताना दिसणारी गर्दी यात अंतर असतं हेही मान्य.

आता मुद्दा. जाहीर झालंय ते फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस साठी. पीसीबद्दल चकार शब्द नाही. इकडे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला आणि प्रत्येक वेळी मशीन चालू केलं की '११ घ्या, ११ घ्या' चालू. तर प्रश्न असा: या खेळाच्या नावाने आत्ताच पीसी बदलून ११ वर जावं, १० वरच तग धरावा, की सरळ कन्सोल घ्यावा?

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. चालू द्या.

फ्रेमगणक

कन्सोलचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण 'पीएस ५ प्रो घेतला की सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) मिळतील' हे सगळीकडे छातीठोकपणे सांगितलं जातंय.

३० फ्रेमसाठी प्रत्येक चित्राला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० साठी १६.७. या वेळात दोन कामं होतात. प्रोसेसर गर्दी, वाहतूक, भौतिकी, पोलीस कुठून येणार वगैरे ठरवतो आणि ग्राफिक्स चिप ते रंगवते. रंगवणं जड होत असेल तर रिझोल्युशन उतरवून वेळ वाचवता येतो. प्रोसेसरच दमला असेल तर रिझोल्युशन कितीही उतरवा, फरक शून्य.

साध्या पीएस ५ मध्ये झेन २ पिढीचे आठ कोअर आहेत, वेग ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत. प्रोमध्ये प्रोसेसर तोच. एका वेगळ्या मोडमध्ये ३.८५ पर्यंत जातो, म्हणजे साधारण १० टक्के जास्त. पैसे खर्च झालेत ते ग्राफिक्सवर. धागाकर्ते ज्या गर्दीवर भाळलेत ती सगळी प्रोसेसरची गिऱ्हाइकं. तेव्हा साध्या पीएस ५ वर प्रोसेसरमुळे ३० वर अडकलेला खेळ प्रोवर ६० ला जात नसतो. फार तर १२० हर्ट्झच्या टीव्हीवर ४० चा पर्याय बसू शकेल, कारण तिथे २५ मिलिसेकंद मिळतात. वेळेच्या हिशेबात ४० हा आकडा ३० आणि ६० च्या बरोबर मध्ये पडतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रो बाहेर आला तेव्हा भारतात आलाच नाही. त्याचं वायफाय ६ गिगाहर्ट्झ पट्टा वापरतं आणि तो पट्टा तेव्हा आपल्याकडे खुला नव्हता. बाहेरून आणलेल्या नगाची वॉरंटी कोण देणार ते आधी विचारून घ्या.

कर्नलकाका

फ्रेमगणकशी सहमत. आता पीसीच्या बाजूचा हिशेब, जुन्या तारखांवरून.

चौथा भाग कन्सोलवर एप्रिल २००८, पीसीवर डिसेंबर २००८. पाचवा कन्सोलवर १७ सप्टेंबर २०१३, पीसीवर १४ एप्रिल २०१५, म्हणजे १९ महिने. रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर २६ ऑक्टोबर २०१८, पीसीवर ५ नोव्हेंबर २०१९, वर्षाला दहा दिवस जास्त. शेवटच्या दोघांची चाल धरली तर सहाव्याची पीसी आवृत्ती २०२७ च्या शेवटापासून २०२८ च्या मध्यापर्यंत कधीही. ही माझी बेरीज आहे, कंपनीने असं काही म्हटलेलं नाही.

मग आज या खेळासाठी ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे नवरदेव ठरायच्या आधी वरातीची घोडी आणून दारात बांधणं. चारा आपण घालायचा. खेळाच्या किमान गरजा जाहीर झालेल्या नाहीत, त्यामुळे काय पुरेल ते आज कोणीच सांगू शकत नाही. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव चढले ते वेगळंच.

मी_नाही_खेळत

पाचवा आला तेव्हा दहावीत असलेली पोरं आता गृहकर्जाचे हप्ते भरतायत. सहावा पीसीवर येईपर्यंत त्यांची मुलं 'बाबा, उठा, माझी पाळी' म्हणतील.

निळापडदा

माझा राग ११ च्या एका विशिष्ट खोडीवर आहे. आधी हातातली वस्तू काढून घ्यायची आणि दोन वर्षांनी तीच 'नवी सोय' म्हणून परत द्यायची.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ११ आलं तेव्हा टास्कबार वर किंवा बाजूला हलवता येणं बंद. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर टाकणं बंद, ते २२एच२ मध्ये (११ चं २०२२ चं मोठं अपडेट) परत आलं. एकाच प्रोग्रॅमच्या खिडक्या वेगवेगळ्या दाखवणं बंद, त्याला २०२३ उजाडलं. राइट क्लिक केलं की अर्धाच मेन्यू येतो आणि उरलेला 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे दडवलेला. (शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, जुना मेन्यू थेट येतो.) नव्याने घालताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं, आणि साधं स्थानिक खातं काढायची प्रत्येक पळवाट एकेक करून बुजवत चाललेत.

रिकॉलबद्दल तर बोलायलाच नको. मे २०२४ मध्ये जाहीर केलं की थोड्याथोड्या वेळाने पडद्याचं छायाचित्र काढून साठवू, म्हणजे नंतर शोधता येईल. संशोधकांनी उघडून पाहिलं तर सगळा मजकूर साध्या डेटाबेसमध्ये, मशीनमध्ये शिरलेल्या कोणालाही वाचता येईल असा. मग माघार, मग कूटबद्ध साठवण, मग 'आपणहून चालू केलं तरच'. सर्वसामान्यांपर्यंत पोचायला एप्रिल २०२५ झाला.

माउसवाली

निळापडदा, राग समजू शकते, पण तुम्ही दिवाणखान्यातल्या पडद्यांबद्दल बोलताय आणि धागा पायाबद्दल आहे. खेळ चालवायला काय लागतं ते बघा. इंटेलच्या बाराव्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर आले. कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकायचं याची सूचना प्रोसेसर स्वतः देतो आणि ती नीट वापरणारा शेड्युलर ११ मध्ये आहे. विंडोमध्ये चालणाऱ्या जुन्या डायरेक्टएक्स १० आणि ११ च्या खेळांचा उशीर कमी करणारी सोयही ११ मध्येच. जुन्या खेळांचे रंग-उजेड आपोआप खुलवणारं ऑटो एचडीआरही तिथलंच.

आणि रिकॉलसाठी ४० टॉप्स वेगाची एनपीयू (एआयसाठीची चिप), १६ जीबी रॅम असलेलं खास मशीन लागतं. तुमच्या-आमच्या असेंबल केलेल्या डब्यात ते चालूच होत नाही. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टींना.

ता. क. विंडोज कोसळल्यावर दिसणारा तो निळा पडदा २४एच२ पासून काळा झालाय. आयडी बदलून घ्या.

निळापडदा

आयडी बदलणार नाही, ही परंपरा आहे.

पायाबद्दल म्हणताय तर पायाबद्दल. २४एच२ आलं तेव्हा असॅसिन्स क्रीडचे तीन भाग, स्टार वॉर्स आउटलॉज आणि अवतार हे खेळ असलेल्या मशीनांना अपडेटच रोखून धरावं लागलं, कारण खेळ गोठत होते. तुमचं ते ऑटो एचडीआर चालू असलं की आणखी काही खेळ अडकायचे. ऑक्टोबर २०२५ च्या केबी५०६६८३५ या अपडेटनंतर काही खेळांचा वेग पडला तो इतका की एनव्हिडियाला ५८१.९४ हा तातडीचा ड्रायव्हर काढावा लागला. पाया म्हणे.

कर्नलकाका

थांबा, भांडू नका. २४एच२ ने मोडलेल्या एका खेळाची गोष्ट या धाग्यावर यायलाच हवी, कारण ती जीटीएचीच आहे आणि त्यात दोष कोणाचा हे ठरवणं मजेशीर आहे.

सॅन अँड्रियास, पीसीवर २००५ चा. त्यात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. २४एच२ घातल्यावर ते धक्क्यांवरून गायब झालं. ट्रेनर (खेळात फेरफार करणारा प्रोग्रॅम) वापरून जबरदस्तीने समोर आणलं आणि आत बसलं की खेळाचा नायक सीजे थेट आभाळात फेकला जायचा, इतका उंच की ती उंची लिहायला एकावर एकतीस शून्यं. वीस वर्षं चाललेलं विमान. सगळ्यांनी विंडोजला शिव्या घातल्या. मग या खेळातले दोष दुरुस्त करणारा सायलेंटपॅच बनवणाऱ्याने एप्रिल २०२५ मध्ये मुळाशी जाऊन शोध घेतला.

खेळाच्या डेटा फोल्डरमध्ये व्हेइकल्स डॉट आयडीई नावाची साधी मजकुराची फाइल आहे. प्रत्येक वाहनाची एक ओळ: क्रमांक, नाव, प्रकार वगैरे आणि शेवटी चार आकडे, त्यात पुढच्या-मागच्या चाकांचं माप. स्किमरच्या ओळीत हे चार आकडेच नाहीत. कारण बहुधा हे की व्हाइस सिटीमध्ये स्किमर 'बोट' या प्रकारात मोडायचं आणि बोटीला चाकं कुठली? सॅन अँड्रियासमध्ये त्याचं 'विमान' केलं आणि आकडे घालायचे राहून गेले.

आता ही ओळ वाचणारा कोड एसस्कॅनएफ (मजकुरातून आकडे वेचणारं सी भाषेतलं फंक्शन) वापरतो आणि ज्या चलांमध्ये हे आकडे पडायचे त्यांना सुरुवातीला कुठलीच किंमत दिलेली नाही. सी भाषेत असं चल म्हणजे न पुसलेली पाटी. आधी जे लिहिलं होतं तेच दिसणार. स्किमरच्या आधी वाचलं जाणारं वाहन होतं टॉपफन व्हॅन, चाकाचं माप ०.७. म्हणजे वीस वर्षं ते विमान शेजारच्या व्हॅनची उसनी चाकं लावून उडत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता!

दोन ओळींच्या मध्ये फाइलची पुढची ओळ वाचली जाते आणि तिथे विंडोजचं एक कुलूप उघडणारं फंक्शन चालतं. २४एच२ मध्ये त्या फंक्शनने आतून स्टॅकची (तात्पुरत्या नोंदींच्या मेमरीची) थोडी जास्त जागा वापरायला सुरुवात केली. तो त्याचा हक्कच आहे, ती जागा मोकळीच असते. पण त्यात पाटीवरचं ०.७ पुसलं गेलं आणि कचरा राहिला. चाकाचं माप अफाट, म्हणून विमान जमिनीपासून तितकं वर.

उपाय: त्या फाइलमध्ये ४६० क्रमांकाची स्किमरची ओळ शोधा आणि शेवटी स्वल्पविराम देऊन चार आकडे जोडा, उणे १, ०.७, ०.७, उणे १. फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा. किंवा सायलेंटपॅचची ताजी आवृत्ती टाका, तेच काम होतं.

गल्लीगेमर

शेजाऱ्याची उसनी चाकं! काका, दंडवत. म्हणजे दोष विंडोजचा नव्हताच?

कर्नलकाका

नव्हता. आणि नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की 'खेळ मोडला' अशी जी ओरड होते त्यात असले सुप्त दोष पुष्कळ असतात. म्हणून निळापडदाची सगळी यादी एका पारड्यात टाकता येत नाही. ऑक्टोबरचं अपडेट वेगळं, स्किमर वेगळा.

शून्याधारित

गंमत म्हणजे हाच एसस्कॅनएफ पाचव्यातही नडला. जीटीए ऑनलाइन चालू व्हायला सहा-सहा मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने बाहेरून तपासलं तर आत दुकानातल्या सुमारे ६३ हजार वस्तूंची १० एमबीची जेसन (JSON) या मजकूर-पद्धतीतली यादी वाचली जात होती. एसस्कॅनएफ प्रत्येक वस्तू वाचताना उरलेल्या सगळ्या मजकुराची लांबी नव्याने मोजायचा. म्हणजे पुस्तकाचं प्रत्येक पान उलटण्याआधी उरलेली सगळी पानं मोजायची. वर वस्तू दुसऱ्यांदा आली का, हे तपासायला पहिल्यापासून सगळी यादी चाळायची. दोन्ही दुरुस्त केल्यावर वेळ ७० टक्क्यांनी घटला. रॉकस्टारने ते मान्य करून अपडेट दिलं आणि त्याला १० हजार डॉलर दिले.

वाचनमात्र

सात वर्षं लोकांना वाटत होतं की आपलं इंटरनेट स्लो आहे. बिचारे केबलवाले, किती बोलणी खाल्ली असतील.

पेठेतला_पिक्सेल

मूळ प्रश्नाच्या जवळचा प्रश्न. प्रोसेसर ११ च्या यादीत बसतो (इंटेल आठवी पिढी), पण तपासणी 'सिक्योर बूट नाही' म्हणून नापास करते (सुरू होताना फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय). बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) मोडसमोर 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, दिसतं. सगळं पुसून नव्याने घालावं लागेल का?

निळापडदा

नाही. शिव्या घालत असलो तरी मदत करतो. क्रम मात्र चुकवू नका.

पहिलं, महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर. नंतर टीपीएम, म्हणजे किल्ल्या जपणारा सुरक्षा-भाग, तपासा: विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी चालवा, 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेलला पीटीटी आणि एएमडीला एफटीपीएम या नावाने ते असतं, चालू करा. वेगळी चिप विकत घ्यायची गरज सहसा नसते.

मग डिस्क. लेगसी म्हणजे तिचे तुकडे जुन्या एमबीआर पद्धतीने नोंदलेले असणार, ते नव्या जीपीटी पद्धतीत आणायचे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एमबीआरटूजीपीटी ही आज्ञा द्यायची, सोबत व्हॅलिडेट, डिस्क क्रमांक (डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, बहुधा ०) आणि अलाऊफुलओएस. ही फक्त तपासणी, काही बदलत नाही. 'यशस्वी' आलं तरच व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट घालून पुन्हा. नापास झालं तर नेहमीचं कारण म्हणजे डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा जुन्या पद्धतीचं एक्सटेंडेड-लॉजिकल पार्टिशन. आपल्याकडे सी-डी-ई-एफ असे चार तुकडे पाडून द्यायची दुकानदारांची जुनी खोड आहे, ती इथे भोवते. जास्तीचे आणि लॉजिकल तुकडे रिकामे करून काढून टाकावे लागतात.

रूपांतर झालं की लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद, बूट मोड यूईएफआय (नवी पद्धत), मग सिक्योर बूट चालू. रूपांतराच्या आधी सीएसएम बंद केलंत तर डिस्क सापडणार नाही आणि छातीत धस्स होईल. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की जुनं चालतं.

सिक्योर बूट 'एनेबल्ड' पण 'नॉट ॲक्टिव्ह' असं दाखवलं तर त्याच पानावर फॅक्टरी कीज भरायचा पर्याय असतो, तो द्या.

माउसवाली

दोन भर घालते.

ग्राफिक्स कार्ड २०१२ च्या आगेमागेचं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहू शकतो, कारण कार्डात यूईएफआयचा भागच नसतो. आठव्या पिढीच्या इंटेलमध्ये बहुधा स्वतःचं ग्राफिक्स असतं, केबल मदरबोर्डला लावून आत जाता येतं. नवव्या पिढीपासून आलेला, नावात एफ असलेला प्रोसेसर असेल तर तीही सोय नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. २४एच२ नव्याने घालून मायक्रोसॉफ्ट खात्याने शिरलात की डिस्क न विचारता कूटबद्ध होऊ शकते. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. पुढे कधी बायोस अपडेट केलं किंवा टीपीएम रीसेट झालं की मशीन ती की मागतं, आणि खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर काढलेलं असेल तर बसा बोंबलत. आजच सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा आणि की कागदावर लिहून ठेवा. हो, कागदावरच. बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कूटबद्ध करणारं साधन) 'सस्पेंड' करायचं, विसरायचं नाही.

शून्याधारित

रायझनवाल्यांसाठी: एफटीपीएम चालू केल्यावर मधूनच आवाज आणि चित्र सेकंदभर अडखळत असेल तर तो जुना ज्ञात दोष आहे. एजेसा (एएमडीचा बायोसमधला भाग) १.२.०.७ किंवा पुढचं असलेलं बायोस टाका, जातो.

कोकणी_कीबोर्ड

मराठी टंकणाऱ्यांसाठी वेगळीच भानगड, १० आणि ११ दोन्हीवर. दोन कीबोर्ड बसवलेले असले की डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर भाषा बदलते. पाचव्या जीटीएमध्ये शिफ्ट म्हणजे पळणं आणि डावा ऑल्ट म्हणजे पात्र बदलणं. पळता पळता ट्रेव्हर या पात्रावर गेलात की मागे कीबोर्ड मराठी होऊन बसतो. काही खेळ कळीची जागा वाचतात, त्यांना फरक पडत नाही. काही अक्षर वाचतात, तिथे डब्ल्यू दाबून काहीच होत नाही आणि माणूस कीबोर्ड आपटतो.

११ वर: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, त्यात खाली इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे 'चेंज की सीक्वेन्स'मध्ये दोन्हीकडे 'नॉट असाइन्ड' करा. विंडोज आणि स्पेसबारने भाषा बदलता येतेच, तेवढं पुरे.

मी_नाही_खेळत

तरीच ऑनलाइन खेळात मधूनच कोणीतरी 'ैैैैै' लिहून मरायचा. मला वाटायचं आर्त किंकाळी आहे.

गल्लीगेमर

😂 हे मी आत्ताच करून आलो.

मेमरी इंटिग्रिटी बंद करावी का? सगळे यूट्यूबवाले तेच पहिलं सांगतात.

फ्रेमगणक

विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे आहे ते. काम असं की कर्नलमध्ये (विंडोजच्या गाभ्यात) शिरणारा कोड आधी एका वेगळ्या कप्प्यात तपासला जातो. या तपासणीला इंटेल सातव्या पिढीपासून आणि एएमडी झेन २ पासून प्रोसेसरची मदत आहे. त्याआधीच्यांना ते सॉफ्टवेअरने करावं लागतं, म्हणून तिथे फटका जास्त. खुद्द मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लिहून ठेवलंय की खेळताना वेग हवा असेल तर हे बंद करता येईल, नंतर चालू करा.

माझं मत: बंद करून त्याच खेळातलं तेच दृश्य तीनदा मोजा. फरक बोटावर मोजण्याइतका असेल तर परत चालू करा. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात आणि कुठून कुठून उतरवलेले मॉडही पडतात, तिथे ही भिंत पाडायची तर कारण सबळ हवं. आणि स्पर्धात्मक खेळांची अँटी-चीट (लबाडी पकडणारी यंत्रणा) आता उलट असल्या सुरक्षा सोयी चालू मागायला लागलीय. व्हॅलोरंट ११ वर टीपीएम आणि सिक्योर बूट दोन्ही तपासतो, बॅटलफील्ड ६ लाही सिक्योर बूट लागतं. जीटीए सहाची पीसी आवृत्ती उद्या तेच मागेल असा माझा कयास आहे. म्हणून पेठेतला_पिक्सेल यांनी आत्ता केलेली मेहनत वाया जाणार नाही.

पेंग्विनपंत

इतका वेळ गप्प बसलो. लिनक्स घाला, सगळ्या कटकटी संपतात.

निळापडदा

आले! पंत, सप्टेंबर २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनमध्ये बॅटलआय ही अँटी-चीट आली आणि स्टीम डेकवाल्यांसकट सगळे लिनक्सवाले एका रात्रीत ऑनलाइनच्या बाहेर, ते विसरलात का?

पेंग्विनपंत

विसरलो नाही. बॅटलआय प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारा थर) चालू शकतं, खेळ बनवणाऱ्याने परवानगी द्यायची असते. ती दिली नाही हा पेंग्विनचा गुन्हा नाही. एकट्याने खेळायचं कथानक अजूनही सुरळीत चालतं. ऑनलाइन खेळायचं असेल तर मात्र लिनक्सच्या भरवशावर राहू नका, एवढं मान्य करतो. हे मी म्हटलंय, जपून ठेवा.

कर्नलकाका

जपून ठेवलं आहे, तारीख-वेळेसकट.

कन्सोल घेणार असाल तर जागेचं बघा. पहिल्या पीएस ५ ची डिस्क ८२५ जीबीची, वापरायला मिळते ६६७. रेड डेड २ ला पीसीवर १५० जीबी मोकळी लागायची, सहावा त्याहून लहान असण्याचं काही कारण दिसत नाही. आतल्या स्लॉटमध्ये एम डॉट २ घालताना जेन ४ चीच घ्या, वाचनवेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त. हीटसिंकसकट एकूण जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी, पीसीसाठीच्या उंच हीटसिंकवाल्या बसत नाहीत आणि झाकण लागत नाही. १५० जीबी १०० एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेग मिळाला तर तीन तास वीस मिनिटं, ४० च्या लाइनवर आठ तास वीस मिनिटं. दिवस गुरुवार आहे, रजेचा अर्ज त्या हिशेबाने करा.

पेठेतला_पिक्सेल

निळापडदा, झालं! व्हॅलिडेट आधी नापास, ई आणि एफ लॉजिकलच निघाले. रिकामे करून काढले, मग पास. सिक्योर बूट 'ऑन' दिसतंय. आभार. आता ११ वर उडी मारू की १० ची वाढीव मुदत वापरू?

माउसवाली

मुदतीचं नीट समजून घ्या. १० ला वर्षभराची सुरक्षा अपडेटं घेता येतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीन वाटा: मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, किंवा १,००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा ३० डॉलर. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा असतो. दर महिन्याला फक्त सुरक्षा, नवं काही नाही.

अजून एक, सिक्योर बूटची २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य व्हायला लागतात. नवी २०२३ ची प्रमाणपत्रं विंडोज अपडेटमधूनच येतात. नोंदणी न केलेल्या १० ला ती मिळणार नाहीत. मशीन त्या दिवशी बंद पडणार नाही, पण बूटशी संबंधित पुढच्या दुरुस्त्या येणं थांबेल.

तुमचं मशीन पात्र झालंय, तर मी म्हणेन ११ घाला, पण २५एच२. त्याचा गाभा २४एच२ चाच आहे, फक्त मुदत पुढची मिळते.

निळापडदा

आणि गंमत बघा, २४एच२ होमची मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ लाच संपते. म्हणजे १० चे हट्टी आणि २४एच२ चे आळशी, दोघांचीही एकाच दिवशी गच्छंती.

गल्लीगेमर

तर मग माझं ठरलं. पीसीवर २५एच२, खर्च शून्य, ग्राफिक्स कार्ड आहे तेच. कन्सोलचे पैसे वेगळे ठेवतोय, पण तिसरा ट्रेलर आणि फ्रेमचा अधिकृत आकडा येईपर्यंत खरेदी नाही. १९ नोव्हेंबर पुढे गेली तर पैसे तसेच राहतील.

मी_नाही_खेळत

'पुढे गेली तर' म्हणे. चौथ्या तारखेसाठी जागा राखून ठेवतो.

पेठेतला_पिक्सेल

२५एच२ घातलं. सॅन अँड्रियास उघडून आधी धक्क्यावर गेलो. स्किमर नाही. फाइलमध्ये चार आकडे घातले, आला!